खाली जागा सोडली आहे

११ फेब्रुवारी

चष्मेवाल्या बाईंस नमस्कार.

तुमचे पत्र परवा मिळाले. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी तुम्ही ‘जुजवालीची मुलगी’ एवढेच लिहिले आहे. पोस्टमन म्हणाला, “मास्तर, हे काय नाव झालं?” मी म्हटले, आमच्या मंडळात हे एके काळी फार गाजलेले नाव होते. पुढे सांगणार होतो, पण त्याला सही हवी होती, गोष्ट नको होती.

आई गेल्याचे वाचले. शेवटच्या आठवड्यापर्यंत बोटे शाबूत होती, अंथरुणात बसून शेजारच्या पोरीची वही शिवून दिली, असे तुम्ही लिहिता. वाचून मी पत्र खाली ठेवले. आमच्या शाळेची मागची खोली डोळ्यांसमोर आली. वार्षिक सुट्टीत फाटकी वाचनमाला घेऊन ती तिथे बसायची. छापील घड्यांचा एक एक जुज उलगडायची, पुन्हा दुमडायची, दाभणाने भोके पाडून दोरा ओवायची. शेजारी खळीचे भांडे. तिच्या उजव्या अंगठ्यावर वाळलेल्या खळीचा पांढरा पापुद्रा असायचा आणि बोलता बोलता ती तो सोलत बसायची. बाहेर पटांगणात कुणी नसायचे, तरी भिंतींतून मुलांच्या कवितांची चाल येत राहायची, असे मला वाटे. वर्षभर मुलांनी ओरडून म्हटलेल्या कविता भिंती सुट्टीत हळूच म्हणून बघत असतील. असो. म्हातारा मास्तर भरकटतो, सांभाळून घ्या.

तुम्ही एकच गोष्ट विचारली आहे. सभागृहाला शंभर वर्षे होत आहेत. त्या निमित्ताने नवे अध्यक्ष तुमच्या आईच्या नावाची शिळा दर्शनी भिंतीत बसवणार आहेत. एकेचाळीस वर्षांपूर्वी तिला ज्या दारातून बाहेर काढले, त्याच दाराशेजारी. शिळेवर तिच्या कबुलीतले ते प्रसिद्ध वाक्य. दगड कोरणारा तुम्हाला म्हणाला, “बाई, छिन्नी लागली की काना-मात्रासुद्धा हलत नाही, आधी खात्री करा.” आणि तो कागद सभेत ज्याने वाचला तो वाचक अजून जिवंत आहे, म्हणून तुम्ही मला लिहिलेत.

लोकांच्या तोंडी जे आहे, ‘दुसरं नाव मी सोबत नेते, तुमच्या सभागृहात ते मावायचं नाही’, ते सैल आहे. खरे वाक्य असे:

‘दुसरे नाव मी माझ्याबरोबर घेऊन जाईन; तुमच्या सभागृहात ते मावणार नाही.’

‘सोबत नेते’ म्हटले की लय मोडते. ‘घेऊन जाईन’वर थोडे थांबावे लागते, त्या थांबण्यातच सगळे आहे. दगडवाल्याला अर्धविराम ठळक काढायला सांगा.

तुमच्या आईचा परिचित,
मंडळाच्या शाळेचा निवृत्त मास्तर


२६ फेब्रुवारी

बाईंस नमस्कार.

पत्र पोचले. तुमचा राग रास्त की गैर हे ठरवायचा अधिकार मला नाही, पण तुम्ही लिहिता मोठे झणझणीत. “माझ्याकडे डोळे तपासायला येणारे म्हातारे अक्षरांचा तक्ता आधीच पाठ करून येतात. दिसत काही नसतं. मी शेवटची ओळ विचारली की घडाघडा म्हणतात. तुमचं पत्र मला तसं वाटलं.” मी हे दोनदा वाचले. शाळेत असतो तर फळ्यावर लिहिले असते.

तुम्ही विचारता, त्या दिवशी हजार माणसे होती, हजारांनी ते वाक्य हजार प्रकारे लक्षात ठेवले. मग मलाच अर्धविरामासकट कसे आठवते? आणि दुसरे, जे वाचून मला पाणी प्यावे लागले: तुम्ही पंधरा वर्षांच्या असताना कुणीतरी ते वाक्य तुम्हाला सांगितले, तुम्ही धावत घरी आलात आणि आईला म्हणालात, “काय जबरदस्त लिहिलंस गं!” तेव्हा ती पुठ्ठा कापत होती. तिने मान वर न करता म्हटले, “मी इतकं छान नाही लिहीत गं.” आणि कापत राहिली.

ती असे म्हणाली? याच शब्दांत?

तुम्ही मंडळाबाहेर वाढलात, म्हणून आमची रीत सांगतो. मंडळाची स्वतःची वस्ती, छापखाना, बांधणीखाना, शाळा. हातभर आरसा घरात ठेवायचा नाही, रंगीत कापड अंगावर नाही, गाणे नाही. कविता फक्त शाळेत, सातवीपर्यंत, तीही उच्चार सुधारण्यापुरती. लग्ने पाचजण ठरवणार. पाचजण म्हणजे पाच वडीलधारे. त्यांच्या पुढे कुणी खोकतसुद्धा नसे. कुणाच्या हातून चूक झाली तर त्याने आपल्या हाताने एका कागदावर कबुली लिहायची, घडी घालून लाखेने बंद करायची. रविवारी सभेत चूक करणाऱ्याने सगळ्यांपुढे उभे राहायचे आणि वाचकाने चौथऱ्यावर जाऊन, सगळ्यांसमोर लाख फोडून, ते वाचायचे. उभा असलेल्याने तोंड उघडायचे नाही. त्याचे बोलणे म्हणजे वाचकाचा आवाज. वाचून झाले की कागद पेटीत. वर्षाअखेर पेटी जाळत. झालेले गेले, असा त्याचा अर्थ.

वाचक हा आवाज बघून निवडत. आणि चारित्र्य बघून. वाचकाने लग्न करायचे नाही, असा दंडक होता. मी सदतिसाव्या वर्षी वाचक होतो. मंडळात माझ्याइतका स्वच्छ माणूस नव्हता, असे लोक म्हणत. मीही म्हणत असे.

तिची कबुली आली तेव्हा तिला पाचवा महिना होता. पोटात तुम्ही. दोघांची नावे आली असती, तर शिक्षा ठरलेली होती: वर्षभर सभेत मागच्या भिंतीशी उभे राहायचे आणि वर्षाने पाचजण स्वतः लग्न लावून देत. आमचे मंडळ कठोर होते, पण वेडे नव्हते. नाव लपवले तरी एवढ्यावर भागले असते. कुणाकुणाचे भागलेही होते. पण त्या वाक्याने पाचजणांचा अपमान झाला. सभागृहात मावणार नाही म्हणजे काय? पाचजणांतले थोरले अण्णा थरथर कापत उठले. त्याच दुपारी तिच्या ट्रंकेला कुलूप लागले.

वाक्य बरोबर आहे. दगडवाल्याला थांबवायचे कारण नाही.

मास्तर


९ मार्च

मुली,

तुमच्या दोन ओळींच्या कार्डाने मला चार दिवस जेवू दिले नाही. “आईने ते लिहिलं नव्हतं ना? हो की नाही, एवढंच.”

हो.

आता थोडे सविस्तर सांगू दे. ते वाक्य माझे आहे. मी कुठे लिहून नेले नव्हते. चौथऱ्यावर लाख फोडली, वाचत गेलो, शेवटाकडे आलो आणि तिथे जे होते ते वाचण्याऐवजी हे तोंडून गेले. आयुष्यभर मुलांना कविता शिकवल्या, स्वतः चार ओळी जुळवाव्यात म्हणून वह्यांमागून वह्या खरवडल्या, एकही ओळ उभी राहिली नाही. त्या दिवशी मात्र एका श्वासात, लयीत, अर्धविरामासकट! माझी एवढी एकच ओळ लोकांच्या तोंडी राहिली. बायका धुणे धुताना ती एकमेकींना म्हणून दाखवत, पाचजणांना चुकवून. मी वरच्या गल्लीतून जाताना ऐकत असे. मला काय वाटे ते लिहीत नाही.

तिची मूळ ओळ जरा ओबडधोबड होती. काय होती ते आता विसरलो.

तुझी आई आणि मी एकमेकांना कसे ओळखत होतो, हेही तुला सांगायला हवे. बाहेरून छापून येणाऱ्या वाचनमालेत काही कविता अशा असत की त्यांत कुणाची तरी वाट पाहणे असे, कुणासाठी तरी झुरणे असे. पाचजणांचा हुकूम, ती पाने काढायची. कोणती, ते मी खुणा करून देई. ती शिवण उसवून पाने काढी आणि पुस्तक असे बांधी की पान होते हेसुद्धा कळू नये. पाने भट्टीत टाकायची असत. पहिल्याच सुट्टीत ती झग्याच्या खिशातून गुंडाळी काढून म्हणाली, “मास्तर, ही तुमची. जाळायला हात होईना.”

“मला देऊन काय करणार? मीच खुणा केल्यात.”

“खुणा तुम्ही केल्यात, म्हणून तुम्हालाच माहीत कोणत्या चांगल्या आहेत.”

मी हसलो. सभ्य माणूस एकट्या बाईसमोर हसत नाही, तरी हसलो. मग दुपारी ती शिवायची आणि मी ती पाने वाचायचो, दबक्या आवाजात, दार उघडे ठेवून, म्हणजे कुणाला संशय नको. तिला माझा आवाज आवडे. मलाही माझा आवाज आवडे. तेवढ्या एका गोष्टीत आमचे पहिल्यापासून एकमत होते. अर्धे फाटलेले पान आले की उरलेल्या ओळी ती मनाने घालायची. वेड्यावाकड्या, यमकबिमक नाही. “काहीही हं!” मी म्हणायचो. “कळलं ना पण?” ती म्हणायची. “मग झालं तर.”

त्या तीन सुट्ट्यांइतके मी कधीच जगलो नाही.

मास्तर


२४ मार्च

बाईंस नमस्कार. (‘मुली’ म्हणू नका, असे तुम्ही लिहिलेत. बरोबर आहे. ‘तू’ म्हटले, तेही तुमच्या लक्षात आले. क्षमा.)

माझेच पत्र तुम्ही परत पाठवलेत, एका शब्दाखाली लाल रेघ मारून: ‘विसरलो’. मार्जिनमध्ये लिहिलेत, “अंगठ्यावरचा खळीचा पापुद्रा आठवतो आणि हे विसरलात?” माझ्या वह्या मी अशाच तपासत असे. ती रेघ कुणाच्या रक्तातून आली, हा विचार मनात आला आणि मी तो खोडला. आता लिहूनही टाकला. राहू द्या.

विसरलो नाही. विसरणार कसा? कागद माझ्याकडे आहे.

सभा संपल्यावर पेटीत मी कोरा कागद टाकला, तसाच दुमडून. कोण बघणार होते? वाचकाची पेटी कुणी तपासत नसे. खरा कागद सहावीच्या वाचनमालेत ठेवला, तिने बांधलेल्या प्रतीत, मागच्या पुठ्ठ्यावरच्या अस्तराखाली, खळ लावून. अस्तर कसे बसवायचे ते तिनेच शिकवले होते. कोपरा आधी, मग मधून बाहेर पट्टी फिरवायची, हवा राहता कामा नये. हवा राहिली नाही. एकेचाळीस वर्षे ते पुस्तक माझ्या उशाशी आहे. उशाशी बसून विद्यार्थी म्हणत, “सर अजून सहावीचं पुस्तक वाचतात!” आणि त्यांचे डोळे भरून येत.

काल ओल्या फडक्याने अस्तर भिजवून उचलले. कागद निघाला. खालची ओळ लिहितो, तिच्याच शब्दांत:

‘दुसरे नाव मी लिहीत नाही. ज्याचे आहे तोच हे वाचतो आहे. खाली जागा सोडली आहे.’

आणि खाली खरेच जागा आहे. शाईची रेघ नाही. घड्या दाबायची तिची हाडाची पट्टी असायची, तिने दाबून काढलेली रेघ. कागद तिरपा धरला तरच दिसते. चौथऱ्यावर डाव्या हाताला खिडकी होती. मला दिसली.

तिला माहीत होते की कागद वाचकापर्यंत बंदच येणार, आणि वाचक मी. तिने मला अडकवले नाही, हे तुम्ही समजून घ्या. नाव लिहून टाकले असते तर मी पकडला गेलो असतो. तिने मला स्वतःहून सांगायची संधी दिली. हजार माणसांत ती उघड्या तोंडाने एक शब्द बोलू शकत नव्हती, म्हणून तिने माझ्या तोंडाशी जागा ठेवली. मला फक्त माझे नाव वाचायचे होते. जे नाव मी रोज हजेरीपटाखाली लिहीत होतो ते.

मी म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे. ती माझ्याकडे बघत होती. वाक्य संपले तेव्हा तिने खाली पाहिले आणि अंगठा सोलायला लागली.

नाव सांगितले असते तर वाचकपद गेले असते. शाळा गेली असती. मंडळाने दोघांना बांधणीखान्यात एका बाकावर बसवले असते. मग कविता कुणाला शिकवल्या असत्या? असे मी स्वतःला सांगितले. एवढेच होते. वर्षभर भिंतीशी उभे राहणे आणि सातवीपर्यंतच्या कविता. यासाठी. ती ज्या ओळी मनाने घालायची, त्या मी ओबडधोबड म्हणायचो. ही ओळही मला तशीच वाटली, आणि मी ती सुधारली.

तो माणूस मी आहे, हे आता वेगळे लिहायला हवे का?

मास्तर


२१ एप्रिल

बाईंस,

“शिळा थांबवली आहे. जिथून वाचलंत तिथूनच सांगा. सांगेपर्यंत मी त्या दारात पाय ठेवणार नाही.” या तुमच्या शब्दांप्रमाणे काल मी सांगितले. घडले ते लिहितो.

आधी कबूल करतो, तीन आठवडे मी अध्यक्षांकडे गेलो नाही. हाताशी मार्चचे शेवटचे दिवस होते, अर्ध्याहून अधिक एप्रिल होता. समारंभातच बोलू, तेच योग्य, असे ठरवले. योग्य वेळेची वाट पाहायची मला जुनी सवय आहे.

सभागृह ओळखू येत नाही. पंखे आले, माइक आला, बायका रंगीबेरंगी नेसून पुढच्या रांगेत. ज्या वास्तूत शिंकायचीही चोरी होती तिथे लोक फोटो काढत होते. दाराशेजारी पडद्याआड शिळा होती. तुम्ही थांबवली होती, पण अध्यक्षांनी परस्पर फोन करून कोरून घेतली. अध्यक्ष माझा विद्यार्थी, सहावीत दोनदा बसलेला. आता नळाच्या सामानाचे दुकान आहे. मला म्हणाला, “मास्तर, बघा तरी! तुम्हीच शुद्ध करून दिलेलं वाक्य, अर्धविरामासकट. त्या बाईंनी तुमचं पत्र दाखवलं होतं ना आधी. एकही चूक नाही.”

मला बोलायला उभे केले. मी चौथऱ्यावर गेलो. माइक शिट्टी मारत होता. तो बंद करायला लावला. आवाज अजून पोचतो. म्हणालो, “हे वाक्य तिचं नाही. तिनं दुसरं लिहिलं होतं, मी ते वाचलं नाही, हे रचून म्हटलं. तिनं ज्याचं नाव लिहिलं नाही तो माणूस मी आहे. तिला तुम्ही नाही घालवलंत, मी घालवलं. ही शिळा काढा.”

मला वाटले, आता. आता कुणीतरी उठेल, थुंकेल, ओरडेल. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा जीव त्या एका ओरडण्यासाठी तयार ठेवला होता.

अध्यक्ष उठला. त्याचे डोळे पाणावले होते. म्हणाला, “मित्रहो, याला म्हणतात मोठेपण! एका निराधार बाईचा डाग आपल्या स्वच्छ अंगावर ओढून घ्यायचा! मास्तरांनी सहावीत शिकवलं नाही एवढं आज शिकवलं.”

“अरे, मी खरं सांगतोय,” मी म्हणालो.

“तेच तर, सर. तेच तर!”

आणि टाळ्या. लोक उभे राहिले. त्या सभागृहात शंभर वर्षांत टाळी वाजली नव्हती, ती माझ्यासाठी वाजली. दोघांनी मला धरून खुर्चीवर बसवले, एक म्हणाला, “सरांना वारा घाला, फार भावनावश झालेत.” पडदा ओढला. माझी ओळ, दगडात, तुमच्या आईच्या नावाखाली. अक्षर सुरेख आहे.

निघताना खळवाली भेटली. तुमची आई शिवायची तेव्हा तिच्या शेजारी बसून खळ शिजवायची ती. आता काठीवर चालते. फाटकापर्यंत माझ्याबरोबर आली. मग म्हणाली, “मला तेव्हाच ठाऊक होतं, मास्तर.”

“मग बोलली का नाहीस?”

“वाचकापुढे कोण बोलणार?”

“आज तरी बोलायचं होतं.”

“आज?” ती थांबली. “आज मी बोलले असते तर म्हणाले असते, म्हातारी पण भ्रमिष्ट झाली. तुम्हाला टाळ्या, मला वारा.” काठी आपटत ती पुढे गेली. वळून म्हणाली, “तिनं तुमची वाट पाहिली होती हो. फाटकाबाहेर. ट्रंकेवर बसून, दोन तास. मी पाणी न्यायला गेले तर म्हणाली, येतील, सभा आवरून येतील.”

हे मला माहीत नव्हते. मी त्या वेळी शाळेत होतो. सहावीचे पुस्तक चिकटवत होतो. खळ वाळायला दोन तास लागतात.

तुम्ही आला नाहीत ते बरे केलेत.

मास्तर


२३ एप्रिल

बाईंस,

परवाच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली, असे लिहिणार होतो. राहिली नव्हती. लपवली होती.

कागद त्या वेळी माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. तिचे अक्षर, तिची ओळ, खाली दाबलेली रेघ. तो काढून धरला असता तर अध्यक्षाची वाचा बसली असती. मोठेपणबिढेपण सगळे त्याच जागी संपले असते. त्यासाठीच तो नेला होता. हात कोटात गेलाही होता.

टाळ्या वाजत होत्या. थांबल्या की काढू, असे मनाशी म्हणालो. थांबत आल्या तेव्हा आणखी थोडा वेळ वाजाव्यात असे वाटले. मला त्या आवडल्या. खरे सांगून सुटका, आणि वर टाळ्या. एवढे फुकट मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते. हात मी रिकामाच बाहेर काढला आणि डोळे पुसले. तेही लोकांनी पाहिले असणार.

तेव्हा शिकलो काय, हे तुम्ही विचारू नका. वयाच्या सदतिसाव्या वर्षी जे केले तेच अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी केले, फक्त या वेळी खरे बोलून केले.

कागद सोबत पाठवत आहे. तुमचा आहे. शिळेच्या खाली चिकटवा, सभागृहात जाऊन तुमच्या आवाजात वाचा, नाहीतर जाळा. जिथे न्याल तिथे मी येऊन उभा राहीन, मागच्या भिंतीशी, वर्षभर. पण माझ्या अशा शब्दावर तुम्ही आता विसंबू नये, म्हणून विश्वास मागत नाही. क्षमाही मागत नाही. ती मागितली तर मी नक्की छान मागेन.

कागद उघडाल तेव्हा खिडकीशी जा आणि तिरपा धरा. रेघ दिसेल. तिच्यावर मी आज नाव लिहिले. आधी पेन्सिल हातात घेतली होती, हेही सांगून टाकतो. मग पेन्सिल ठेवली आणि शाईने लिहिले. अक्षर वाईट आले आहे, शेवटचे रेघेखाली घसरले आहे. सहावीतल्या मुलाला मी हे पुन्हा लिहायला लावले असते. पुन्हा लिहिणार नाही.

नाव तिथे आहे. म्हणून इथे सही करत नाही.